डीएमआर हँडसेटवरून व्हीएचएफ रिपीटर उघडत नाही, कोडप्लगमध्ये काय चुकतंय?

औसेकर (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. हौशी रेडिओचा परवाना आहे, डीएमआरचा (डिजिटल रेडिओची एक पद्धत) सात आकडी आयडी मिळालेला आहे (४०४ पासून सुरू होणारा). सेट टीवायटी एमडी-यूव्ही३८०, ५ वॅट, सोबत आलेला रबरी अँटेना. घराच्या गच्चीवरून रिपीटर (आपला सिग्नल उचलून परत पाठवणारं टॉवरवरचं केंद्र) साधारण ३५ किलोमीटर. त्याच टॉवरवरचा ॲनालॉग रिपीटर इथून उघडतो, आवाजही चांगला येतो. डिजिटलवर मात्र काही केल्या जमंना.

कोडप्लगमध्ये (सेटमधल्या सेटिंगची फाइल) चॅनेलला भरलेली माहिती:

आरएक्स (ऐकण्याची वारंवारता) १४५.३७५०, टीएक्स (पाठवण्याची) १४५.९७५० मेगाहर्ट्झ
कलर कोड १
स्लॉट १
काँटॅक्ट ४०४ (प्रायव्हेट कॉल)
आरएक्स ग्रुप लिस्ट: नन
ॲडमिट क्रायटेरिया: ऑलवेज

पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं की लाल दिवा लागतो, क्षणभरानं नकाराची बीप येते आणि सेट परत ऐकण्यावर जातो. दुसरी गोष्ट, कुणी बोलत असलं की हिरवा दिवा लागतो पण स्पीकरमधून आवाज येईना. रिपीटर सांभाळणाऱ्यांनी फोनवर "शिफ्ट सहाशे, ४०४ स्लॉट दोनवर" एवढंच सांगितलं होतं. बाकी रकाने सीपीएसमध्ये (संगणकावरचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) जसे होते तसेच ठेवलेत. नेमकं काय बदलू?

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

औसेकर, सगळ्यात आधी त्या चॅनेलवर पीटीटी दाबणं थांबवा. तुमचा टीएक्स १४५.९७५० आहे. १४५.८ ते १४६.० हा पट्टा जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला आहे. रिपीटर तर उघडणार नाहीच, वर कुणाच्या उपग्रह संपर्कात तुमचे ५ वॅट घुसतील. आपल्याकडे व्हीएचएफ रिपीटरची शिफ्ट सहसा उणे ६०० किलोहर्ट्झ असते. म्हणजे रिपीटर १४५.३७५० वर बोलतो आणि १४४.७७५० वर ऐकतो. तुमच्या सेटमध्ये आरएक्स १४५.३७५०, टीएक्स १४४.७७५० हवा. तुम्ही अधिक चिन्ह धरलंत, तिथं घोटाळा झाला.

आता ती बीप नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा शोध तिच्यावर चालतो. डीएमआर रिपीटर कुणी बोलत नसताना झोपलेला असतो. तुम्ही पीटीटी दाबलं की सेट लगेच आवाज पाठवत नाही. आधी जागं करणारा छोटा संदेश पाठवतो आणि रिपीटरकडून परत येणाऱ्या सिंकची वाट बघतो. ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आलटून पालटून चालतात. आपला स्लॉट कधी सुरू होतो हे सेटला त्या सिंकवरूनच कळतं. सिंक मिळाला नाही तर सेट दोन-तीनदा प्रयत्न करतो आणि नकाराची बीप देतो.

म्हणून बीप आली तर दोष रिपीटरपर्यंत पोचण्यात शोधायचा. टीएक्स वारंवारता, कलर कोड, अंतर, अँटेना, पॉवर. बीप न येता लाल दिवा नीट टिकला पण पलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही, तर स्लॉट, टॉकग्रुप (सगळ्यांनी मिळून बोलायचा गट) किंवा आयडी बघायचा. एका वेळी एकच रकाना बदला. चार रकाने एकदम बदलले तर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही.

कलर कोड ० ते १५ असतो. ॲनालॉगमधल्या सीटीसीएसएस टोनचं (रिपीटरला ओळख पटवणारा बारीक सूर) काम डीएमआरमध्ये तोच करतो. सीपीएस नव्या चॅनेलला आपोआप १ टाकतं, पण रिपीटरचा कोड १ असेलच असं नाही. तुम्हाला फोनवर तो सांगितलेला नाही, तेव्हा परत फोन करून विचारा. अंदाजानं भरू नका.

स्लॉट २ करा. तुम्हाला सांगितलं होतं, रकान्यात मात्र १ च राहिला.

काँटॅक्टमध्ये ४०४ ला ग्रुप कॉल करा. ४०४ हा ब्रँडमाइस्टरवरचा (रिपीटर इंटरनेटनं जोडणारं नेटवर्क) भारताचा टॉकग्रुप. तो प्रायव्हेट कॉल म्हणून भरला की सेट ४०४ आयडी असलेल्या एकाच माणसाला हाक मारतो, आणि असा माणूस कुठंच नाही. आकडा बरोबर आणि प्रकार चुकीचा, ही चूक डोळ्याला लवकर दिसत नाही.

---

गोदाकाठ (नांदेड)

बालाघाटींनी पाठवण्याची बाजू सांगितली. हिरवा दिवा लागतो पण आवाज नाही, त्याचं सांगतो.

हिरवा दिवा म्हणजे त्या वारंवारतेवर सिग्नल पोचतोय, एवढंच. स्पीकर उघडायला कलर कोड, स्लॉट आणि टॉकग्रुप तिन्ही जुळावे लागतात. तुमचा स्लॉट चुकलाय हे तर दिसतंच आहे. त्यात ग्रुप लिस्ट रिकामी. लिस्ट रिकामी असली की फार तर चॅनेलला जोडलेला टॉकग्रुप ऐकू येतो, आणि तुमच्याकडे तोही प्रायव्हेट कॉल आहे. म्हणून पूर्ण शांतता.

आरएक्स ग्रुप लिस्ट तयार करा, तिला "स्लॉट२" असं साधं नाव द्या, तिच्यात ४०४ आणि ९ (स्थानिक टॉकग्रुप) टाका. रिपीटरवर आणखी जे टॉकग्रुप कायम चालू असतील तेही टाका. ही लिस्ट चॅनेलला जोडा. लिस्ट बनवून चॅनेलला जोडायची राहिली, असं फार वेळा होतं.

सीपीएसमध्ये काम याच क्रमानं करा, नाहीतर पुढच्या रकान्यात निवडायला काही सापडत नाही:

सेट जोडून आधी रीड करा. आलेली फाइल तारखेच्या नावानं जपून ठेवा, काही बिघडलं तर परत टाकायला. मग जनरल सेटिंगमध्ये आयडी आणि नाव. त्यानंतर डिजिटल काँटॅक्ट, मग आरएक्स ग्रुप लिस्ट, मग चॅनेल, शेवटी झोन (चॅनेलचा गट). चॅनेल कितीही नीट बनवलं तरी ते झोनमध्ये ओढल्याशिवाय सेटच्या पडद्यावर दिसत नाही. सगळं झालं की राइट.

या सेटची केबल वेगळी असते, हेही सांगून ठेवतो. साध्या ॲनालॉग हँडसेटच्या केबलमध्ये सिरियल चिप असते. एमडी-यूव्ही३८० मध्ये यूएसबी सेटच्या आतच आहे आणि केबल म्हणजे नुसत्या तारा. दोन्हींच्या पिना सारख्या दिसतात, बसतातही, पण जुनी केबल लावली तर संगणकाला सेट दिसत नाही आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. प्रोग्रॅमिंगसाठी सेट नेहमीसारखा चालू ठेवायचा. पीटीटी आणि त्याच्या वरचं बटण दाबून चालू केला तर लाल-हिरवा दिवा आलटून पालटून लागतो. तो फर्मवेअर टाकण्याचा मोड आहे, त्यात कोडप्लग वाचता येत नाही.

---

माळरान७३ (परभणी)

वरच्या दोघांचं बरोबर आहे. सुटलेले पाच रकाने सांगतो.

ॲडमिट क्रायटेरिया "ऑलवेज" ठेवू नका. रिपीटरच्या चॅनेलला "कलर कोड" ठेवा (काही सीपीएसमध्ये "कलर कोड फ्री" लिहिलेलं असतं). ऑलवेज म्हणजे कुणी बोलत असलं तरी तुमचा सेट त्याच्यावर चढणार. "चॅनेल फ्री" ठेवलं तर दुसऱ्या स्लॉटवर कुणी बोलत असतानाही काही सेट अडतात, आणि मग दोन स्लॉटचा फायदाच संपतो.

प्रायव्हेट कॉल कन्फर्म्ड बंद करा. ते चालू असलं की प्रायव्हेट कॉल करताना सेट समोरच्या सेटच्या होकाराची वाट बघतो. पॅरट ९९९० ला प्रायव्हेट कॉल करून स्वतःचा आवाज परत ऐकता येतो, चाचणीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण हा रकाना चालू असेल तर पॅरट उत्तर देत नाही आणि तुम्ही रिपीटरवर संशय घेत बसता.

टॉकअराउंड बंद आहे का बघा. तो चालू असला की सेट टीएक्सचा आकडा बाजूला ठेवून आरएक्सच्या वारंवारतेवरच पाठवतो. अशा वेळी सिंकची वाटच बघितली जात नाही, म्हणून बीपसुद्धा येत नाही. लाल दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं आणि रिपीटर ढिम्म. बालाघाटींच्या बीपच्या नियमाला हा एक अपवाद धरा.

प्रायव्हसी किंवा एन्क्रिप्शन: नन. हौशी रेडिओवर गुप्त बोलणं नियमात बसत नाही. डिजिटल असलं तरी सुरुवातीला आणि शेवटी तोंडानं कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळख) सांगायची. पडद्यावर आयडी दिसतो म्हणून भागत नाही.

टाइम आउट १८० सेकंद पुरे. मे महिन्यात गच्चीवर उन्हात उभं राहून ५ वॅटवर लांब बोलू नका. डीएमआरमध्ये ट्रान्समीटर निम्मा वेळच चालतो, त्यामुळं ॲनालॉगपेक्षा कमी तापतो. तरी हँडसेट तो हँडसेटच.

---

औसेकर

सगळ्यांचे आभार. बदल केले. फोन केला, कलर कोड ५ निघाला. आता टीएक्स १४४.७७५०, स्लॉट २, ४०४ ग्रुप कॉल, ग्रुप लिस्ट जोडली, ॲडमिट कलर कोड, कन्फर्म्ड बंद.

बीप गेली. ४०४ वरचे लोक ऐकू येतात. पॅरटही उत्तर देतो. पण पॅरटवर माझा आवाज तुटक येतो, मध्येच डब्यात खडे हलवल्यासारखा. येणारा आवाज मात्र स्वच्छ. ॲनालॉगवर याच जागेवरून सगळे "नीट ऐकू येतं" म्हणतात. मग डिजिटलला काय होतंय?

दोन शंका आहेत. ९१ वर (जगभराचा टॉकग्रुप) बोलायचं असेल तर वेगळं चॅनेल लागेल का? आणि घरात हॉटस्पॉट (नेटला जोडलेला छोटा डीएमआर रेडिओ) लावला तर रिपीटरची गरज उरते का?

---

बालाघाटी

खडे हलवल्यासारखा आवाज म्हणजे चुकलेले बिट. डीएमआरमध्ये थोड्या चुका दुरुस्त करण्याची सोय असते, म्हणून एका मर्यादेपर्यंत आवाज अगदी स्वच्छ येतो आणि ती ओलांडली की एकदम फुटतो. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की खरखर हळूहळू वाढते आणि आपला कान त्यातूनही शब्द उचलतो. त्यामुळं "ॲनालॉगवर चालतंय" यावरून डिजिटलला पुरेसा सिग्नल आहे असं धरता येत नाही. बिट चुकण्याचं प्रमाण, ज्याला बीईआर म्हणतात, २ टक्क्यांच्या आत असेल तर काही जाणवत नाही. ५ च्या पुढं गेलं की शब्द गळतात. नेटवर्कच्या लास्ट हर्ड पानावर (नुकतं कोण बोललं ते दाखवणारं वेबपान) तुमच्या कॉलसाइनसमोर लॉस आणि बऱ्याचदा बीईआरही दिसतो. पॅरटला दहा सेकंद बोला आणि तो आकडा बघा. गच्चीवर दोन पावलं सरकून परत बघा. व्हीएचएफवर अर्ध्या मीटरनंसुद्धा फरक पडतो.

येणारा आवाज स्वच्छ आणि जाणारा तुटक, याचं कारण साधं आहे. रिपीटरची पॉवर तुमच्या ५ वॅटच्या कितीतरी पट असते आणि तुमचा रबरी अँटेना म्हणजे निव्वळ तडजोड.

अंतराचं गणितही बघून घ्या. रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये काढायला उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घेऊन ४.१२ नं गुणायचं, दोन्ही टोकांची बेरीज करायची. रिपीटरचा अँटेना भोवतालच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असेल तर त्याचे ४१ किलोमीटर. तुम्ही जमिनीवर उभे असाल तर तुमचे ५. गच्चीवर १० मीटर उंचीवर अँटेना असेल तर १३. म्हणजे ४६ चे ५४ होतात. हे मोकळ्या सपाटीचं. मध्ये बालाघाटाची एखादी धार आली तर गणित तिथंच अडतं. मांजरसुंबा घाट उतरताना गाडीतल्या सेटवर हे ऐकूनच कळतं: एका वळणावर आवाज स्वच्छ, पुढच्या वळणावर काहीच नाही.

तुमचे ३५ किलोमीटर जमण्यासारखे आहेत. बाहेर अँटेना लावा, पॉवरच्या मागं लागू नका.

---

गोदाकाठ

अँटेना घरीच करा. पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन. एक एसओ-२३९ सॉकेट (चार भोकांचा चौकोनी), ३ मिलिमीटरची पितळी किंवा तांब्याची सळई. मधला उभा काटा ४९ सेंटिमीटर, खालचे चार पाय प्रत्येकी ५२ सेंटिमीटर. पाय ४५ अंशांत खाली वाकवायचे. आडवे ठेवले तर इम्पिडन्स ३५ ओहमच्या आसपास राहतो, वाकवले की ५० च्या जवळ येतो. काटा आधी ५१ चा कापा, एसडब्ल्यूआर (अँटेनावरून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) बघत अर्धा अर्धा सेंटिमीटर कमी करा. १४५ च्या आसपास १.५ च्या आत आला की थांबा. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही.

केबलवर मात्र कंजूषी नको. आरजी-५८ ची १५ मीटर तार १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३ डेसिबल खाते, म्हणजे ५ वॅटचे अडीचच वर पोचतात. आरजी-२१३ तेवढ्याच लांबीत १.३ डेसिबलच्या आसपास. जाड केबल थेट हँडसेटच्या एसएमएला (अँटेनाचा कनेक्टर) जोडू नका. तिच्या वजनानं कनेक्टर सैल होतो आणि मग आतला सोल्डर सुटतो. मध्ये अर्ध्या मीटरचा पातळ तुकडा द्या. एसएमए नर घ्यायचा का मादी, ते सेट हातात घेऊन बघूनच ठरवा.

मास्टला अर्थिंग करा. आपल्याकडं वळवाचा पाऊस मोठ्या विजा घेऊन येतो. आभाळ गडगडायला लागलं की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाका. "जरा वेळानं काढू" म्हणू नका.

---

माळरान७३

अँटेना लावायच्या आधी फुकटात होणारी एक तपासणी. ॲनालॉगमध्ये नॉइज असला तर कानाला ऐकू येतो. डिजिटलमध्ये तो ऐकूच येत नाही, नुसता ऐकण्याचा पल्ला कमी होतो आणि माणूस सेटला दोष देतो. म्हणून १४५.३७५० च्या शेजारी एखादी मोकळी वारंवारता ॲनालॉगमध्ये लावा, स्क्वेल्च (नुसती खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा आणि घरातली उपकरणं एकेक बंद करत जा. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. शेतात असाल तर सौर पंपाचा कंट्रोलर. कुठल्या बटणावर खरखर बदलली ते कळलं की चोर सापडला. औसेकरांचं ऐकणं सध्या ठीक आहे, पण बाहेरचा अँटेना घरावर लागला की हा प्रश्न डोकं वर काढतो.

आता ९१. वेगळं चॅनेल लागतं. डीएमआरमध्ये एक चॅनेल म्हणजे वारंवारता, कलर कोड, स्लॉट आणि टॉकग्रुप यांची एक जोडणी. ४०४ चं चॅनेल कॉपी करा, काँटॅक्ट बदला, नाव बदला, झोनमध्ये टाका.

पण रिपीटरवर ९१ बोलवायचा असेल तर आधी विचार करा. रिपीटरवर काही टॉकग्रुप कायम लावलेले असतात. बाकीचे कुणी पीटीटी दाबलं की येतात आणि काही मिनिटं कुणी बोललं नाही की आपोआप जातात. ९१ जगभराचा, तिथं गर्दी असते. तुम्ही तो स्लॉट २ वर बोलावून निघून गेलात, तर मागून स्लॉटवर परदेशी गप्पा चालत राहतात आणि उदगीरच्या माणसाला निलंग्याच्या माणसाला हाक मारता येत नाही. काम झालं की ४००० ला कॉल करून तो सोडवा. शेजारी काहीतरी गरजेचं बोलत असेल, आपल्याला ते कळायचंही नाही.

---

बालाघाटी

हॉटस्पॉटचं. रिपीटर आजूबाजूच्या सगळ्यांचा असतो, हॉटस्पॉट तुमच्या एकट्याच्या खोलीपुरता. लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर बॅटरीवरचा रिपीटर लातूरला औशाशी जोडून ठेवतो, हॉटस्पॉट तेव्हा निकामी. आपल्या भागात किल्लारीचा भूकंप विसरण्यासारखा नाही, म्हणून आधी रिपीटर पक्का करा असंच मी म्हणेन.

तरी शिकायला आणि ९१ ऐकायला हॉटस्पॉट चांगला. रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू (छोटा संगणक), त्यावर एमएमडीव्हीएमची छोटी पाटी (रेडिओ मॉडेम), कार्डवर पाय-स्टार (हॉटस्पॉटचं सॉफ्टवेअर). झिरो डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, राउटरवर फक्त ५ चालू असेल तर तो जोडलाच जाणार नाही. आयडीच्या पुढं ०१ लावून नऊ आकडी करायचा. ब्रँडमाइस्टरच्या सेल्फकेअरमध्ये (आपल्या खात्याच्या सेटिंगचं पान) हॉटस्पॉटचा पासवर्ड लावायचा आणि तोच पाय-स्टारमध्ये. हे दोन जुळले नाहीत तर हॉटस्पॉट चालू दिसतो पण नेटवर्कवर येत नाही.

हॉटस्पॉटच्या चॅनेलमध्ये आरएक्स आणि टीएक्स एकच, कलर कोड १, स्लॉट २. वारंवारता निवडताना जपा. भारतात आपल्याला यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मिळतं आणि त्यातला ४३५ ते ४३८ भाग उपग्रहांचा. म्हणजे हॉटस्पॉटला ४३४ ते ४३५ एवढीच जागा राहते. परदेशी व्हिडिओ बघून ४३८ च्या पुढचे आकडे भरू नका, ते आपल्याला दिलेलेच नाहीत.

स्वस्त पाट्यांवरचा क्रिस्टल शे-पाचशे हर्ट्झ सरकलेला असतो. सेट अगदी शेजारी ठेवूनही बीईआर ३-४ टक्के दिसत असेल तर तेच कारण. पाय-स्टारमध्ये आरएक्स ऑफसेट ५०-५० हर्ट्झनं बदलत पॅरटला बोला आणि बीईआर सगळ्यात कमी येईल तिथं थांबा. हे करताना सेट लो पॉवरवर आणि दोन-तीन मीटर लांब. फार जवळून ५ वॅट मारले तर पाटीचा रिसीव्हर दबून जातो आणि आकडे फसवे येतात.

---

औसेकर

ग्राउंड प्लेन बसवला. काटा ४९.५ वर थांबलो, एसडब्ल्यूआर १.३. केबल आरजी-२१३, १२ मीटर. लास्ट हर्डवर बीईआर आधी ६ च्या वर होता, आता ०.८. पॅरटवर आवाज स्वच्छ. एकच राहिलंय, माझं पहिलं अक्षर कापलं जातं. "लातूर" म्हटलं की "तूर" एवढंच पोचतं.

---

गोदाकाठ

त्याला सेटिंग नाही, सवय लागते. पीटीटी दाबून परवानगीचा सूर ऐका (सीपीएसमध्ये टॉक परमिट टोन डिजिटलला चालू करा), मग एक सेकंद थांबून बोला. सोडताना शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावर बोट उचला. दोघांच्या बोलण्यामध्ये दोन-तीन सेकंदांची फट ठेवा, मध्येच कुणाला हाक मारायची असेल तर त्याला वाट मिळते. माइक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका. पंख्याखाली बसून बोलू नका, आवाज दाबून बारीक करणारा कोडर पंख्याची घरघरसुद्धा शब्दासारखीच धरतो. आज रात्री ४०४ वर हाक मारा, ऐकतो. ७३ (शुभेच्छा).